हेल्मीबाईंची चूक

जानेवारीतल्या त्या रविवारी नळी फुटली तेव्हा हेल्मी रांताला चर्चमध्ये होत्या. परत आल्या तर घराचा पुढचा भाग नेहमीसारखा उबदार, जिन्याशेजारच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट नेहमीसारखा अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर, आणि उत्तरेकडच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी. प्लंबरनं भिंतीच्या तळाची फळी उचकटली आणि बॉयलरचं गरम पाणी घरभर फिरवणारी तांब्याची नळी काढून दाखवली. शेंग उकलावी तशी ती उकलली होती.

"रात्री गोठली," तो म्हणाला. "बॉयलर कितीतरी तास बंद असणार. पहाटे सुरू झाला, आतला बर्फ सुटला, पाणी आलं बाहेर."

मुलगा कर्ट मिनियापोलिसहून साडेतीन तास गाडी हाकत आला. त्यानं आधी ओल्या फरशीकडे पाहिलं, मग थर्मोस्टॅटकडे, मग आईकडे.

"आई, काल हा तू खाली केला होतास का?"

"मी कशाला खाली करीन? बाहेर उणे पस्तीस होतं."

"मग बॉयलर बंद कसा राहिला? नीट आठव. खाली केलास, सकाळी परत वर केलास, असं काही?"

हेल्मीबाईंनी डोळे मिटले. खरंच आठवून पाहिलं. "नाही आठवत," त्या म्हणाल्या.

मी शेजारी. हातात पोछा घेऊन तिथंच उभा होतो. एकतीस वर्षं आमची घरं एकमेकांकडे पाहत उभी आहेत, पण त्या बाईंच्या तोंडून असे शब्द मी कधी ऐकले नव्हते. त्यांना म्हणायचं होतं, तसं काही घडलंच नाही तर आठवणार काय. पण शब्द एकदा सुटले की बोलणाऱ्याचे राहत नाहीत. आठवड्याभरात कर्टच्या तोंडून ते चर्चच्या कॉफीच्या टेबलावर पोचले, तिथून वाणसामानाच्या दुकानात, तिथून पोस्टात. हेल्मीला आता आठवत नाही.

ही बाई कोण, हे गावाला सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला लोखंडाच्या खाणींमध्ये आमचं गाव आहे. इथं निम्म्या लोकांचे आजे फिनलंडहून आले, हेल्मीबाईंचेही. बाविसाव्या वर्षी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागल्या. स्वयंपाकघराच्या खालीच बॉयलरची खोली. तिथला धडधडाट पायांच्या तळव्यांतून वर यायचा. दहा वर्षं त्यांनी तो पायांनी ऐकला आणि एके दिवशी बॉयलर चालवायच्या परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला. पेर्को नावाचा मुख्य बॉयलरवाला हसला होता. "हेल्मी, बॉयलर म्हणजे सूपचं पातेलं नव्हे."

"खरंय," त्या म्हणाल्या. "सूप लक्ष न देताही होतं."

पहिल्या फटक्यात पास झाल्या. तो परवाना अजून त्यांच्या बैठकीत, लग्नाच्या फोटोच्या वर लावलेला आहे. पुढची एकोणतीस वर्षं शाळेचे ते दोन राक्षसी बॉयलर त्यांनी सांभाळले. शून्याखाली चाळीस अंशांना बस चालू होत नाही म्हणून शाळा बंद राहिली असेल, पण वर्ग गार आहेत म्हणून एक दिवससुद्धा नाही. अजूनही दुकानात पन्नाशीचा एखादा टकल्या त्यांना थांबवतो आणि म्हणतो, हेल्मी, तिसरीत माझे ओले मोजे तुझ्याच नळीवर वाळायचे. त्या मान हलवतात. "वास यायचा," म्हणतात.

अशा बाईच्या घरात नळी गोठली होती. आणि त्यांना आठवत नव्हतं.

वसंतात कर्टनं डुलूथ शहरातल्या वृद्धांच्या एका इमारतीच्या प्रतीक्षायादीत त्यांचं नाव घातलं. नऊ मजले, लिफ्ट, सगळ्या खोल्यांत बारा महिने एकसारखी ऊब, आणि भिंतीवर हात लावायला काहीही नाही. त्यानं रंगीत पत्रक आणून टेबलावर ठेवलं. हेल्मीबाईंनी त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं. कर्ट वाईट मुलगा नाही. तो घाबरला होता. घाबरलेल्या माणसाचं प्रेम हुकूम होऊन बाहेर पडतं, एवढंच.

ऑक्टोबरात तो एक खोकं घेऊन आला. त्यात काळ्या काचेचा गोल, बशीएवढा. मी त्या वेळी तिथं वेलचीचा पाव खात बसलो होतो.

"ऐक आई. हा स्मार्ट थर्मोस्टॅट. हा लावला की घर किती तापलंय ते मला माझ्या फोनवर दिसेल, तिकडे बसून. हा हिवाळा नीट गेला तर डुलूथचं नाव मी परत काढणार नाही. पण घर एकदा जरी साठच्या खाली गेलं..."

"तर मी जाईन," हेल्मीबाई म्हणाल्या. "रडणारबिडणार नाही. सामानही मीच बांधीन."

कर्टला एवढ्या सरळ उत्तराची सवय नव्हती. त्यानं गडबडून खोकं उलटसुलट केलं. "बरं, लावायला मी दुकानातला माणूस सांगतो."

"माणूस इथं बसलाय," त्यांनी स्वतःकडे बोट केलं.

"आई, हा शाळेचा बॉयलर नाहीये. यात वायफाय आहे."

"त्यात वाफ होती. ती दिसायचीसुद्धा नाही, आणि अंगावर आली तर कातडं सोलून न्यायची. तुझ्या वायफायनं कुणाला भाजलंय का आजवर?"

कर्ट माझ्याकडे वळला. मी पावाकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी चर्चनंतर त्यांनी मला बोलावून घेतलं. शाळेतला निळा डगला अंगात होता, खिशावर पिवळ्या धाग्यानं 'हेल्मी' भरलेलं. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी बॉयलरचं लाल बटण असतं. ते त्यांनी बंद केलं आणि त्यावर कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला.

"घरात आपण दोघंच आहोत," मी म्हणालो. "चालू कोण करणार?"

"शेजारी, कुणीच येणार नसतं तेव्हाच कुणीतरी येतं."

जुना थर्मोस्टॅट काढला. आत काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब होता. घर गार झालं की नळी कलायची, थेंब घरंगळायचा, दोन टोकं जोडली जायची आणि तळघरात बॉयलर पेटायचा. पन्नास वर्षं तो थेंब या घरासाठी घरंगळत होता. हेल्मीबाईंनी तो अंड्यासारखा तळहातावर आडवा धरून नेला आणि बरणीत ठेवला. पारा कचऱ्यात टाकायचा नसतो.

मागे भिंतीतून दोन तारा बाहेर आल्या होत्या. दोन्ही पिवळ्या.

एवढ्यात कर्टचा फोन आला. त्याला तिकडे राहवेना. त्यांनी तो स्पीकरवर टाकून माझ्या खिशात ठेवला. "आई, पुस्तिकेत लिहिलंय, लाल तार 'आर' लिहिलेल्या जागी, पांढरी 'डब्ल्यू'च्या."

"दोन्ही पिवळ्या आहेत."

"असं कसं असेल? नीट बघ."

"तुझ्या बापाला विचार. त्यानं खाणीतून आणलीय."

हे कर्टला लगेच पटलं. या गावात वाढलेला आहे तो. इथल्या अर्ध्या घरांच्या भिंतींत खाणीतली उरलेली तार आहे, मिळेल त्या रंगाची. ओर्वो रांताला, हेल्मीबाईंचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. पण घराच्या पोटात त्याचा हात अजून जागोजागी सापडतो. रंगाचा भरवसा नसल्यानं बाईंनी दोन्ही तारांना टेपचे तुकडे डकवले आणि प्रत्येकीचं दुसरं टोक तळघरात जाऊन वीज तपासायच्या मीटरनं शोधलं. वीस मिनिटं लागली. मग खाली वर्तमानपत्र पसरून मला समजावलं, जसं त्या कामावर आलेल्या नव्या माणसाला समजावत असतील.

"दोन तारा म्हणजे निरोप्या. ऊब हवी, ऊब नको, एवढंच सांगतात. जुन्याला तेवढं पुरायचं. हा नवा शहाणा चोवीस तास जागा असतो, त्याला स्वतःचं जेवण लागतं. ते तिसरी तार आणते. सी म्हणतात तिला. बिनजेवणाचा लावला तर निरोप्याच्याच ताटातलं चोरून खातो आणि मग ऐन थंडीत मान टाकतो."

म्हणजे भिंतीतून नवी तार ओढायची. जुनीच्या शेपटीला नवी बांधायची, मी वरून सोडायची, त्यांनी तळघरातून ओढायची, असा बेत ठरला. हातभर गेली आणि अडकली. खालून त्यांचा आवाज आला, "ओढतेय!" आणि मग, "हलत नाहीये!" आणि मग बराच वेळ फिनिश भाषेतलं काहीतरी, जे चर्चमध्ये शिकवत नाहीत. ओर्वोनं भिंत बांधतानाच ती तार आतल्या लाकडाला खिळ्यांनी ठोकून टाकली होती.

"मेलास तरी सोडत नाहीस!" त्या तळघरातून ओरडल्या.

"आई, कोणाशी बोलतेयस?" माझ्या खिशातून कर्टनं घाबरून विचारलं.

"तुझ्या बापाशी."

 तिकडे कर्टनं काहीतरी टिपून घेतलं, ते मला ऐकू आल्यासारखं झालं.

शेवटी जुनी तार तिथंच ठेवून त्यांनी वरचं भोक ड्रिलनं मोठं केलं, अंगठा जाईल एवढं, आणि खालून लवचिक सळई घालून नवी तार वर पाठवली. पाच रंगांची टोकं भिंतीतून बाहेर आली तेव्हा मीच टाळी वाजवली. त्यांनी त्यांतल्या हव्या त्या तीन सोलल्या, आर, डब्ल्यू, सी, तिन्ही ठिकाणी बसवल्या, प्रत्येकीला हलकेच ओढून पाहिलं. तळघरात बॉयलरच्या करड्या डब्यात तिसरीची जागा शोधून जोडली. मीटरचा काटा सव्वीस व्होल्टवर थांबला. मग चिमटा काढला, लाल बटण दाबलं. काळ्या काचेत उजेड आला. खाली बॉयलरनं घसा खाकरला आणि पेटला.

"दिसलं!" कर्ट ओरडला. "मला दिसलं! पासष्ट!"

"मलाही दिसतंय," हेल्मीबाई म्हणाल्या. "मी समोरच उभी आहे." पण त्या हातरुमालानं काच पुसत होत्या. काचेवर काहीही पडलेलं नव्हतं. इतक्या ताठ मानेनं काच पुसणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग पहिली खरी थंडी पडली. शनिवारी दुपारीच पारा शून्याखाली तीसवर गेला.

शनिवार सौनाचा. तो इथं चुकत नाही, माणूस मेलं तरी त्याच्या घरचे आधी सौना करतात आणि मग रडतात. लाकडाची लहान खोली, आत भट्टी, भट्टीवर दगड. दगडांवर पाणी ओतलं की वाफ उठते, भूर्जाच्या पानांच्या जुडीनं अंग झोडायचं, आणि माणूस हाडापर्यंत तापतो. ओर्वो होता तोवर त्यांचा सौना अंगणाच्या टोकाला होता. मग हेल्मीबाईंचा गुडघा गेला, बर्फातून तिथवर जाणं होईना. ज्या जानेवारीत नळी फुटली, त्याच्या आधीच्या शरदात त्यांनी जिन्यामागची कोठी रिकामी केली आणि घरातच सौना बांधला. फळ्या मी धरल्या, ठोकल्या त्यांनी.

त्या शनिवारी त्यांनी आमच्यासाठी सौना तापवला, स्वतः गेल्या नाहीत. गुरुवारी दाढ काढली होती, दातांच्या डॉक्टरनं तीन दिवस उष्णता वर्ज्य सांगितली होती. मी आणि बायको तासभर आत बसून बाहेर आलो. बायको घरी गेली, मी कॉफीसाठी स्वयंपाकघरात आलो. माझ्या केसांतून वाफ निघत होती. हेल्मीबाई दोन स्वेटर घालून, गालाला रुमाल बांधून बसल्या होत्या.

"शेजारी, इथं गार आहे ना?"

"छे," मी म्हणालो. "छान उबदार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, हे काय? एकोणऐंशी? थर्मोस्टॅट एवढा वर का केलास?"

"मी हात लावलेला नाही. आणि इथं गारठलेय मी."

"आई." कर्टचा आवाज एकदम मऊ झाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "घरात एकोणऐंशी आहे. मी बघतोय. तुला ताप आहे का? शेजारी आहेत का तिथं? त्यांना विचार."

हेल्मीबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. मी काय बोलणार? मला गरम होत होतं. मी तेच म्हणालो. खरं तेच सांगितलं, आणि ते सांगताना बाईंचा चेहरा पाहिला. भिंतीवरचं यंत्र म्हणत होतं घर गरम आहे. मुलगा म्हणत होता गरम आहे. एकतीस वर्षांचा शेजारी म्हणत होता गरम आहे. एकटं त्यांचं अंग म्हणत होतं, नाही.

"शुक्रवारी येतो मी," कर्ट म्हणाला. "आपण डुलूथला बोलू."

फोन ठेवल्यावर त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. कॉफी निवत चालली. "शेजारी," त्या हळू म्हणाल्या, "असंच सुरू होत असेल का? माणसाला थंडी वाजते आणि थंडी नसते?"

 त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पालथे केले, उताणे केले, दुसऱ्या कुणाचे हात तपासावेत तसे. मग खुर्ची मागे सरकली.

"दोन मीटर भांडत असतील," त्या म्हणाल्या, "तर तिसरा आणायचा. बाईला वेडी नंतर ठरवा."

ओव्हनजवळच्या खणातून त्यांनी मांसात खुपसायचा तापमापक काढला आणि टेबलावर, माझ्या कपाशेजारी उभा केला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहिलो. काटा खाली खाली गेला आणि चोपन्नवर थांबला.

मी माझा हात खिडकीच्या काचेला लावला. मग भिंतीच्या तळाच्या नळीला. नळी गार होती, दगडासारखी. आणि तेव्हा, सौनाची धग अंगातून उतरायला लागल्यावर, मलाही थंडी वाजली.

हेल्मीबाई केव्हाच जिन्याशी पोचल्या होत्या. काळ्या काचेवर एकोणऐंशी झळकत होतं. त्यांनी गोल भिंतीवरून उपटला. मागच्या भोकातून पाच रंगांच्या तारा बाहेर आल्या होत्या. त्यांनी बोट तिथं नेलं आणि तसंच धरून ठेवलं. मग मला हात पुढे करायला सांगितलं.

भिंत श्वास सोडत होती. गरम, दमट, भूर्जाच्या पानांच्या वासाचा श्वास. सौनाचा.

मला तो वास नाकात शिरल्यावर सगळं समजलं, त्यांना त्याआधीच. त्या भिंतीच्या पलीकडेच भट्टी होती. सौना तापला की भिंतीच्या पोकळीत गरम हवा भरायची आणि तारांच्या भोकातून थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर यायची. थर्मोस्टॅटला वाटायचं, घर तापलं. तो बॉयलरला गप्प बसवायचा. भट्टीचे दगड पहाटेपर्यंत निवत नाहीत, तोवर बॉयलर मुका. ऑक्टोबरपासूनचे शनिवार बेताच्या थंडीचे होते, म्हणून काही बिघडलं नव्हतं. आकडा जरा चढलेला दिसायचा, पण सौनाच्या दिवशी घर तापणारच, असं कर्टसकट सगळ्यांनी धरलं होतं. आणि घरातली माणसं? सौनातून निघालेल्या माणसाला बर्फात झोपवलं तरी तो घोरेल. घर ज्या संध्याकाळी गारठायचं, नेमक्या त्याच संध्याकाळी आम्ही सगळी आतून पेटलेली असायचो. गेल्या जानेवारीतही हेल्मीबाई सौनातून निघून तशाच गोधडीत शिरल्या होत्या.

"म्हणजे जानेवारीत तुम्ही थर्मोस्टॅट खाली केलाच नव्हता!" मी म्हणालो. मला नाचावंसं वाटत होतं. "हेल्मीबाई, तुम्ही काहीच विसरला नव्हता!"

त्या नाचल्या नाहीत. भोकावर बोट ठेवून उभ्या होत्या, चेहरा लाल झाला होता. "शेजारी," त्या म्हणाल्या, "जा आणि खालून चिंध्या आण. आणि माझ्याकडे बघू नकोस थोडा वेळ."

शुक्रवारी कर्ट दुपारी पोचला. जिन्याखाली एक बॅग भरून, पट्टा आवळून ठेवलेली होती. ती पाहून तो ओशाळला. "आई, आज लगेच जायचं असं नव्हतं म्हटलं मी."

"बस," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरात. कोट काढ."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शुक्रवारी सौना पेटवला होता आणि आत कुणालाही जाऊ दिलं नव्हतं. भोकातल्या चिंध्या काढल्या होत्या. कर्टला त्यांनी नुसत्या सदऱ्यावर बसवलं, समोर मांसाचा तापमापक, हातात त्याचाच फोन. अडीच तास. मध्ये मी दोनदा कॉफी ओतली. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. फोनवरचा आकडा चढत गेला, टेबलावरचा उतरत गेला. फोन सत्त्याहत्तर म्हणाला तेव्हा काटा अठ्ठावन्नवर होता आणि कर्ट दोन्ही हात काखेत घालून बसला होता.

"थंडी वाजतेय?" हेल्मीबाईंनी विचारलं. "घरात सत्त्याहत्तर आहे. ताप आहे का तुला?"

मग त्याला जिन्याशी नेलं, गोल उपटला, त्याचा हात धरून भोकावर ठेवला. त्याला वेळ लागला. हिशेब बोटांतून डोक्यात चढताना दिसत होता. मग त्याचे डोळे भरले.

"म्हणजे तेव्हाही... आई, तुझी काहीच चूक नव्हती. भिंतीची होती."

"भिंतीची?" हेल्मीबाईंचा आवाज तळघरापर्यंत गेला असेल. "भिंत कुणी बांधली? मी. थर्मोस्टॅटच्या पाठीला भट्टी कुणी मांडली? मी. एकोणतीस वर्षं नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय सांगत आले? भोक पाडलंस की बुजव. आणि ऑक्टोबरात ड्रिल घेऊन तेच भोक मोठं कुणी केलं? हा शेजारी साक्षीला आहे. पेर्को असता तर त्यानं मला आठवडाभर राख उपसायला लावली असती, आणि बरोबर केलं असतं."

"बरं, बरं, चूक," कर्ट म्हणाला. "पण एवढं मनाला लावून..."

"मनाला लावून नाही घेतलं. हक्कानं घेतेय." त्यांनी त्याचा हात सोडला नव्हता. "माझी आहे ती चूक. पुसू नकोस. चुकलेल्या माणसाला पुन्हा काम देता येतं, कर्ट. विसरलेल्याला नुसतं सांभाळावं लागतं. तू वर्षभर मला सांभाळत होतास."

कर्टनं मान खाली घातली. जिन्यात आम्ही तिघं उभे होतो आणि भिंत आमच्या तोंडावर भूर्जाचा वास सोडत होती.

"आता कराराचं," त्या म्हणाल्या. "शनिवारी स्वयंपाकघर चोपन्नवर गेलं होतं. तुझ्या फोनला दिसलं नाही, मला दिसलं. साठच्या खालीच ते. बॅग भरलेली आहे."

 त्यांनी ते सांगायची काही गरज नव्हती. तो आकडा फक्त मला आणि त्यांना ठाऊक होता, आणि मी मेलो तरी बोललो नसतो. पण कर्टनं आईकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्या वर्षात त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. निळा डगला, खिशावरचं नाव, दाढेच्या जागी अजून थोडा सुजलेला गाल.

"भोक कसं बुजवायचं?" त्यानं विचारलं.

"आत उष्णता अडवणारी दगडी लोकर ठासायची, वरून पुट्टी. आणि उद्या थर्मोस्टॅट समोरच्या भिंतीवर न्यायचा. तार नवी ओढावी लागेल. तळघरात तू जाशील, माझा गुडघा दुखतो."

"उद्या," कर्ट म्हणाला. "आज आधी एक फोन करतो. डुलूथचं ऑफिस पाचला बंद होतं."

तो स्वयंपाकघरात गेला. आम्ही मागोमाग. त्यानं नंबर लावला, उभ्यानंच बोलू लागला. "हो, रांताला. हेल्मी रांताला. प्रतीक्षायादीतून नाव काढायचंय. हो, कायमचं... नाही, नाही, तब्येत उत्तम आहे."

"कारण विचारतेय का ती ऑफिसातली बाई?" हेल्मीबाईंनी विचारलं.

कर्टनं फोनवर हात ठेवला. "विचारतेय, पण फॉर्ममध्ये भरायला नुसतं. मी सांगतो, विचार बदलला."

"विचार नाही बदलला. खरं ते सांग."

"आई, तिला काय करायचंय?"

"गावाला सांगताना विचारलं होतंस का, गावाला काय करायचंय?"

कर्ट लाल झाला. मग त्यानं हात काढला आणि ओठ ओले केले. "असं आहे... माझ्या आईनं भिंतीतलं भोक बुजवलं नव्हतं. हो, भोक. तारांचं. त्यामुळे बॉयलर बंद राहिला आणि नळी गोठली. आम्हाला वाटलं ती विसरायला लागलीय. ती विसरली नव्हती. चुकली होती." तो थांबला, ऐकत राहिला. आईकडे पाहत म्हणाला, "ती म्हणतेय, दोन्ही एकच ना."

हेल्मीबाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, गालावरचा हात काढला आणि पुढे केला.

"दे इकडे," त्या म्हणाल्या. "मी सांगते तिला."